संत बीड आणि वर्षांचा हिशेब



२५ मे हा संत बीड यांचा सण. इंग्लंडच्या उत्तरेकडील या मठवासी धर्मगुरूंना पोप तेरावे लिओ यांनी १८९९ साली ख्रिस्तसभेचे धर्मपंडित म्हणून घोषित केले. परंतु याच बीडना एकदा पाखंडी ठरवण्यात आले होते, आणि तेही एका बेरजेपायी! ही हकीकत आपण पाहू या.

बीड सात वर्षांचे असताना आप्तांनी त्यांना वेअरमथच्या मठात आणून सोडले. पुढे ते जवळच्याच जॅरोच्या मठात गेले व अखेरपर्यंत तिथेच राहिले. मठाधिपतींनी रोमहून आणलेला ग्रंथसंग्रह हेच त्यांचे जग होते. इ. स. ७०३ मध्ये त्यांनी विद्यार्थ्यांसाठी कालगणनेवर छोटेसे पुस्तक लिहिले. ईस्टरची तारीख काढता यावी हा मुख्य हेतू. त्यात त्यांनी आदामापासून ख्रिस्तजन्मापर्यंत ३९५२ वर्षे मोजली. लोकांच्या कानांना मात्र ५१९९ या आकड्याची सवय होती.

हा फरक आला कुठून? उत्पत्तीचा ५वा अध्याय उघडून पाहा. शेथ जन्मला तेव्हा आदाम १३० वर्षांचा होता, असे हिब्रू पाठ सांगतो. जुने ग्रीक भाषांतर २३० म्हणते. असे पिढ्यांमागून पिढ्या शंभर शंभर वाढत जातात. जलप्रलयापर्यंत हिब्रूत १६५६ वर्षे होतात, तर ग्रीकमध्ये २२४२. बाबिलोनच्या बंदिवासानंतर तर बायबलमध्ये सलग वर्षे मिळतच नाहीत. तिथे पर्शियन, ग्रीक व रोमन राजांच्या कारकिर्दी जुळवाव्या लागतात. बीडनी संत जेरोम यांच्यामागोमाग हिब्रू पाठ धरला.

७०८ मध्ये बिशप विल्फ्रिड यांच्यासमोर मद्यपान चाललेल्या एका मेजवानीत बीड पाखंडी असल्याची टवाळी झाली. त्या काळी जगाची सहा युगे मानत, आणि पुष्कळांना प्रत्येक युग हजार वर्षांचे वाटे. ख्रिस्त सहाव्या युगात आला. पण बीडच्या हिशेबाने तो पाच हजार वर्षे भरण्यापूर्वीच आला. म्हणजे ख्रिस्ताच्या येण्याचा काळच हा माणूस नाकारतो, असा आरोप!

बीड तेव्हा पस्तिशीचे होते. आरोप कळताच ते हादरले आणि चिडलेही. संतही चिडतात, हे वाचून आम्हांला थोडा दिलासाच मिळतो. प्लेग्विन नावाच्या मठवासी मित्राला त्यांनी सविस्तर पत्र लिहिले. आकडा आपल्या मनचा नाही, हिब्रू शास्त्राचा आहे. युगे हजारांनी नव्हे तर नोहा, अब्राहाम, दावीद अशा टप्प्यांनी मोजायची, हा त्यांचा मुद्दा. जगाची आता किती वर्षे उरली, असे लोक विचारत, त्याचाही त्यांना वैताग होता. शेवटच्या दिवसाची तारीख सांगणारी पत्रके हाती घेऊन आमच्याकडे येणाऱ्यांना हे ठाऊक असावे!

७२५ मध्ये बीडनी याच विषयावर मोठा ग्रंथ लिहिला. आकडा बदलला नाही. उलट हिब्रू व ग्रीक दोन्ही हिशेब वाचकापुढे ठेवले. इ. स. ७३५ मध्ये स्वर्गारोहण सणाच्या पूर्वसंध्येला त्यांचे निधन झाले.

आज पृथ्वीचे वय आपण बायबलमधून काढत नाही, आणि बीडचा आकडा स्वीकारण्याचे बंधनही कोणावर नाही. गंमत म्हणजे नाताळच्या पारंपरिक लॅटिन घोषणेत शतकानुशतके ५१९९ हाच आकडा राहिला. घोषणेच्या आताच्या पाठात मात्र सृष्टीच्या आरंभापासून अगणित युगे लोटल्यावर, एवढेच म्हटले आहे.