नारायण वामन टिळक : काव्यशैलीचा शोध आणि अहमदनगरचे पर्व

आधुनिक मराठी कवितेच्या आरंभकाळात रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे नाव केशवसुतांच्या बरोबरीने घेतले जाते. फुलामुलांचे कवी ही त्यांची ओळख समीक्षेत रूढ झाली आहे. ती चुकीची नाही. परंतु तिच्यामुळे त्यांच्या काव्यजीवनातील एक मूलभूत प्रश्न झाकला गेला. संस्कृत पांडित्याच्या वातावरणात वाढलेल्या आणि वयाच्या चौतिसाव्या वर्षी ख्रिस्ती झालेल्या या कवीला स्वतःची अशी शैली लाभली ती परंपरा सोडल्यामुळे, की सोडलेल्या परंपरेकडे नव्या वाटेने परत आल्यामुळे, हा तो प्रश्न होय. त्याचा उलगडा टिळकांच्या अहमदनगर जिल्ह्यातील वास्तव्यात होतो.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील वामनराव कठोर स्वभावाचे होते. आई जानकीबाई भक्तिमार्गी व काव्याची आवड असलेल्या. त्यांचा सहवास टिळकांना बालवयातच अंतरला. पुढे नाशिक येथे गणेशशास्त्री लेले यांच्याजवळ त्यांनी संस्कृत काव्याचे अध्ययन केले. जलालपूरच्या गोखले घराण्यातील मनकर्णिका, म्हणजेच पुढे 'स्मृतिचित्रे'कर्त्या म्हणून विख्यात झालेल्या लक्ष्मीबाई, यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्यानंतरची वर्षे भ्रमंतीची होती. शिक्षकी, कीर्तन, पुराणकथन अशी नाना कामे त्यांनी केली. नागपुरास आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने ते धर्मग्रंथांच्या अभ्यासात रमले आणि 'ऋषी' हे नियतकालिकही त्यांनी चालविले.

या काळात घडलेला कवी प्रथमतः पंडितपरंपरेचा होता. अक्षरगणवृत्तांवरील प्रभुत्व आणि संस्कृतप्रचुर शब्दकळा ही त्याची साधने होती. ती टिळकांनी कधीच टाकली नाहीत. 'केवढे हे क्रौर्य' या सुप्रसिद्ध कवितेत शिकाऱ्याच्या हातून घायाळ झालेल्या पक्षिणीची व्यथा त्यांनी पृथ्वीसारख्या सतरा अक्षरी वृत्तात मांडली. विषय साधा, घरगुती करुणेचा आणि वृत्त मात्र अभिजात, असा हा मेळ आहे. तो यशस्वी ठरला असला, तरी या शैलीत मन मोकळे करण्यापेक्षा प्रसंग उभा करण्याचे सामर्थ्य अधिक होते. ईश्वराशी थेट बोलण्याची भाषा टिळकांना अद्याप गवसावयाची होती.

१८९३ च्या सुमारास नागपूरहून राजनांदगावकडे जाताना रेल्वेच्या प्रवासात एका युरोपीय सहप्रवाशाने त्यांना 'नवा करार' भेट दिला. त्याच्या वाचनाने सुरू झालेले मंथन १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्म्यात परिणत झाले. या निर्णयाची किंमत जबर होती. ज्ञातीने त्यांना दूर केले आणि पत्नी व लहान मुलगा त्यांना अंतरले. काही वर्षांच्या ताटातुटीनंतर लक्ष्मीबाई पतीकडे परतल्या आणि १९०० मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. दरम्यान टिळक अमेरिकन मराठी मिशनच्या अहमदनगर केंद्रात आले होते व तेथील ईश्वरविज्ञान शाळेत अध्यापन करू लागले होते. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. काही वर्षे ते राहुरी येथेही राहिले.

नगरच्या ख्रिस्ती समाजात त्यांच्यापुढे एक नवाच वाङ्मयीन पेच उभा राहिला. उपासनेत गायिली जाणारी पुष्कळ गीते इंग्रजी स्तोत्रांची भाषांतरे असत व ती परकी चालींवर म्हटली जात. शब्द मराठी, परंतु त्यांतील श्वास पराया, अशी ती स्थिती होती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्या नगरच्या ख्रिस्ती कीर्तनकारांनी देशी वळणाचा प्रयत्न आधीच केला होता, तर ओवीत ख्रिस्तचरित्र गाण्याचा आदर्श फादर स्टीफन्स यांच्या सतराव्या शतकातील 'ख्रिस्तपुराणा'ने घालून दिला होता. टिळकांनी या देशी धारेला स्वतःच्या अनुभवाचे बळ दिले. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली आणि राहुरीजवळच्या ज्या ताहराबादेत महिपतींनी संतचरित्रे रचली, त्याच परिसरात टिळकांनी अभंग, ओवी व भजन हे भक्तीचे छंद ख्रिस्तोपासनेसाठी स्वीकारले. विशेषतः तुकारामांची आर्तता, देवाशी भांडण्याची सलगी आणि बोलीचा निःसंकोच वापर यांचा ठसा त्यांच्या अभंगांवर स्पष्ट आहे.

हे अनुकरण होते काय? अभंगाचा साचा जुना असला, तरी ख्रिस्ताला आई, गुरू व सखा मानून त्याच्याशी केलेला संवाद टिळकांच्या स्वतःच्या विरहातून व प्रायश्चित्तभावातून आलेला आहे. पांडित्य बाजूला सारून ते साधे झाले आणि त्या साधेपणातच त्यांचे व्यक्तित्व प्रकटले. अर्थात जेथे प्रचाराचा हेतू प्रबळ होतो, तेथे ही रचना उपदेशपर व सपाट होते, हेही मान्य केले पाहिजे.

या वाङ्मयीन घराचा लाभ इतरांनाही झाला. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरविलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे काही काळ टिळकांच्या नगरच्या घरी राहिले. निसर्ग हाच भाव, ही ठोमरे यांची वाट टिळकांहून निराळी. तरीही वाढत्या प्रतिभेला लागणारे ममत्व त्यांना येथे मिळाले.

१९१२ पासून टिळक 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचे संपादक होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून संन्यस्त वृत्ती पत्करली आणि सातारा येथे 'देवाचा दरबार' या बंधुसंघाचा उपक्रम आरंभिला. जो कवी परक्या चालींतून बाहेर पडला, तोच पुढे परक्या संस्थात्मक चौकटीतून बाहेर पडू पाहत होता. शैलीचा शोध आता जीवनक्रमाचा शोध झाला होता. ९ मे १९१९ रोजी मुंबई येथे त्यांचे निधन झाले.

त्या वेळी 'ख्रिस्तायन' हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे होते. आरंभीचे सुमारे अकरा अध्यायच टिळकांच्या हातून झाले होते. उरलेल्या काव्याचा बहुतांश भाग लक्ष्मीबाईंनी रचला व १९३८ मध्ये, त्यांच्या निधनानंतर, ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या स्त्रीला शालेय शिक्षण असे मिळाले नव्हते, तिला तीच ओवी पुढे चालविता आली. टिळकांनी निवडलेली शैली एका व्यक्तीची असूनही घराघरांतील मराठीची होती, याचा याहून भक्कम पुरावा देता येणार नाही.