दौलताबाद पाहून गेलेला इब्न बतूता माली देशात तीन रोट्यांवरून का चिडला?

२०१० साली आलेल्या 'इश्किया' सिनेमातल्या गाण्यामुळे इब्न बतूता हे नाव आपल्या पिढीच्या तोंडी बसलं. पण हा माणूस खरोखर होऊन गेला, आपल्या दौलताबादला आणि नंदुरबारला येऊन गेला, हे गाणं गुणगुणणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. त्याचा शेवटचा मोठा प्रवास होता पश्चिम आफ्रिकेचा, आणि तिथे त्याचं पहिलं भांडण झालं ते जेवणावरून.

जन्म १३०४ चा, मोरोक्कोतल्या टँजिअर शहरातला. घराणं काझींचं. २१ व्या वर्षी हजला म्हणून घर सोडलं आणि पठ्ठ्या २४ वर्षांनी परतला. मधल्या काळात इजिप्त, इराण, मध्य आशिया करत १३३३ साली सिंधू नदीवर पोहोचला. दिल्लीत तेव्हा मुहम्मद बिन तुघलकाची सत्ता होती. परदेशी विद्वानांवर तुघलक पैशांची खैरात करायचा. इब्न बतूताला त्याने दिल्लीचा काझी केलं, वर्षाला १२,००० दिनार पगार लावला. तरी याच्यावर ५५,००० दिनारांचं कर्ज झालं, तेही सुलतानानेच फेडलं!

पण हाच सुलतान कधी कुणाचं डोकं उडवेल याचा नेम नव्हता. त्याच्या मर्जीतून उतरलेल्या एका शेखला इब्न बतूता भेटून आला होता. त्या शेखचा छळ करून शिरच्छेद झाला आणि इब्न बतूतावर पहारा बसला. ते दिवस त्याने उपास आणि प्रार्थना करत काढले. सुटल्यावर १३४१ मध्ये सुलतानाने त्याला वकील म्हणून चीनला धाडलं. दिल्ली सोडून फार दिवस झाले नव्हते, तोवर आजच्या अलीगढजवळ तो लुटारूंच्या हाती सापडला. अंगावरच्या कपड्यांपलीकडे फारसं काही उरलं नाही.

याच वाटेवर त्याला महाराष्ट्र लागला. दौलताबादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात मांजरापेक्षा मोठे उंदीर आहेत, असं तो सांगतो. तिथे द्राक्षं आणि डाळिंबं वर्षातून दोनदा येतात, याचंही त्याला अप्रूप वाटलं. नंदुरबारच्या मराठी लोकांबद्दल तो लिहितो की ते कारागिरीत, वैद्यकीत आणि ज्योतिषात हुशार आहेत, भात, भाजी आणि तिळाचं तेल खातात, जेवणाआधी अंघोळ करतात आणि दारूला शिवत नाहीत. (शेवटच्या मुद्द्यावर आज नंदुरबारकरांनीच काय ते बोलावं.)

चीनचं पुढे काय झालं, तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. जहाज बुडालं, मालदीवमध्ये काझी झाला, लग्नंही केली. १३४९ मध्ये मोरोक्कोला परतला तेव्हा आई प्लेगने गेलेली होती, वडील तर त्याआधीच वारले होते. वय ४५. आता माणूस घरी बसेल ना? हा नाही बसला.

सहाराच्या पलीकडे मालीचं साम्राज्य होतं. तिथला राजा मन्सा मूसा १३२४ मध्ये हजला जाताना कैरोत इतकं सोनं वाटून गेला की सोन्याचा भाव पडला. मूसा वारला होता, आता त्याचा भाऊ मन्सा सुलेमान गादीवर होता. फेब्रुवारी १३५२ मध्ये इब्न बतूता सिजिलमासा या वाळवंटाच्या कडेच्या शहरातून व्यापाऱ्यांच्या काफिल्याबरोबर निघाला. २५ दिवसांनी तघाझा हे गाव आलं. झाड नाही, पाणी मचूळ. घरं आणि मशीद मिठाच्या लाद्यांची, वर उंटाच्या कातड्याचं छप्पर. मीठ खणायला गुलाम. हेच मीठ दक्षिणेला सोन्याच्या भावात विकलं जायचं. उंटावरच्या एका ओझ्याला वलाता गावात ८ ते १० मिस्काल सोनं मिळे, राजधानीत २० ते ३०, कधी ४०. मिस्काल म्हणजे साधारण सव्वाचार ग्रॅम.

वलाताला पाहुणचार झाला तो भरडलेल्या तृणधान्याचा, त्यात थोडा मध आणि दही, भोपळ्याच्या अर्ध्या कवटीत. इब्न बतूताला हा अपमान वाटला. मला मात्र इथे हसू आलं. आमच्या बारामती-इंदापूरकडे, कोऱ्हाळे बुद्रुकसारख्या गावात हिवाळ्यात जी बाजरी घरोघरी खाल्ली जाते, ती मुळात याच पश्चिम आफ्रिकेतून हजारो वर्षांपूर्वी भारतात आली.

वलातात दुसरा धक्काही बसला. बायका परक्या पुरुषांशी मैत्री ठेवतात आणि नवऱ्यांना त्याचं काही वाटत नाही. वारसा मुलाला नाही, बहिणीच्या मुलाला मिळतो. ही रीत त्याने याआधी फक्त आपल्या मलबारात पाहिली होती. काझी असल्याने हे त्याच्या पचनी पडलंच नाही.

राजधानीत पोहोचल्यावर दहा दिवसांत अळकुडीसारख्या कंदाची लापशी खाऊन सगळे आजारी पडले. सहा जणांपैकी एक दगावला. हा दोन महिने अंथरुणाला खिळला. त्यानंतर राजाकडून भेट आली. मानाची वस्त्रं आणि पैसे येतील या आशेने हा उठून उभा राहिला, तर समोर तीन रोट्या, तळलेल्या गोमांसाचा तुकडा आणि दही! त्याला हसूच फुटलं. तुघलकाची सवय लागलेली ना. शेवटी त्याने दरबारात उभं राहून सरळ विचारलं की बाकीच्या राजांना तुमच्याबद्दल काय सांगू? मग घर मिळालं, खर्चाला पैसे मिळाले, निघताना १०० मिस्काल सोनंही मिळालं.

आता गंमत बघा. ज्या राजाला तो कंजूष म्हणतो, त्याच राजाच्या देशाबद्दल तो लिहितो की इथे अन्याय फार कमी आहे, वाटसरूला चोराची भीती नाही, परदेशी माणूस वारला तर त्याच्या मालाला कुणी हात लावत नाही. वलाता ते राजधानी हा २४ दिवसांचा रस्ता त्याने काफिल्याशिवाय, वाटाड्या आणि मोजके सोबती घेऊन केला होता. भरभरून देणाऱ्या दिल्लीच्या सुलतानाच्या राज्यात तो लुटला गेला होता, पहाऱ्यात राहिला होता. ही तुलना तो स्वतः करत नाही, पण वाचताना आपल्याला ती दिसतेच.

फेब्रुवारी १३५३ मध्ये राजधानी सोडली. वाटेत नायजर नदीवर पाणघोडे दिसले, ते त्याला आधी हत्ती वाटले. नदीलाही तो नाईलच समजत होता. टिंबक्टू पाहून नावेने गाओला आला. हे शहर त्याला मनापासून आवडलं. तांदूळ, दूध, कोंबड्या, मासे, सगळं मुबलक, आणि एक खास काकडी. महिनाभर राहिला. बाजारात चलन होतं कवडी. आपण कवडीमोल म्हणतो ना, तीच. मालदीवच्या समुद्रात ती सापडायची आणि तिथे एका सोन्याच्या दिनाराला ४ लाख कवड्या मिळायच्या. गाओत त्याच दिनाराला मिळायच्या ११५०. म्हणजे कवडीचा भाव साडेतीनशे पट. दोन्ही बाजारांत स्वतः उभा राहिलेला माणूस म्हणून त्याने हे नोंदवलं.

आज गाओ हे माली देशातलं मध्यम आकाराचं शहर आहे. २०१२ मध्ये ते सशस्त्र गटांच्या ताब्यात गेलं, २०१३ मध्ये फ्रेंच आणि मालीच्या फौजांनी सोडवलं, पण त्या भागात शांतता काही परतली नाही. बाहेरच्या प्रवाशाने तिथे एकट्याने हिंडणं आज जिवावरचं आहे.

गाओहून तो तकद्दा या तांब्याच्या खाणींच्या गावी पोहोचला, तिथे मोरोक्कोच्या सुलतानाचा परतण्याचा हुकूम आला. परतीच्या काफिल्यात ६०० गुलाम स्त्रिया होत्या. त्यांची तो संख्या देतो आणि पुढे जातो. तकद्दात त्याने स्वतःही एक शिकलेली दासी विकत घ्यायची खटपट केली होती.

१३५४ च्या सुरुवातीला तो परतला. सुलतानाच्या सांगण्यावरून इब्न जुझय्य या लेखकाला त्याने सगळा प्रवास सांगितला आणि १३५५ च्या अखेरीस ग्रंथ पूर्ण झाला. त्या काळातल्या माली साम्राज्याचं डोळ्यांनी पाहून केलेलं वर्णन आज आपल्याकडे तेवढंच आहे. पुढे तो मोरोक्कोतच काझी म्हणून राहिला आणि १३६८-६९ च्या सुमारास वारला.