वार शोधून काढणारे दीक्षित मास्तर

बालमित्रांनो, आपल्या जामखेड तालुक्यातला खर्ड्याचा किल्ला तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिला आहे. त्याच भागात ११ मार्च १७९५ रोजी मराठे आणि निजाम यांची लढाई झाली. त्या दिवशी वार कोणता होता, असं इतिहासाच्या तासाला एका मुलीनं विचारलं. खरं सांगायचं तर मला चटकन सांगता आलं नाही. पण त्यावरून शंकर बाळकृष्ण दीक्षित यांची आठवण झाली.

दीक्षितांचा जन्म १८५३ साली कोकणात दापोलीजवळच्या मुरूड गावी झाला. घरची स्थिती बेताचीच. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात शिकून ते मास्तर झाले. रेवदंडा, ठाणे, आपल्याला जवळची बार्शी, मग धुळे आणि शेवटी पुणे, अशी त्यांची नोकरी. दिवसा शाळा आणि बाकीच्या वेळात पंचांगाचं गणित. आकाशातल्या ग्रहताऱ्यांचा त्यांना भारी नाद!

त्या काळी विद्वानांपुढं एक कोडं पडलं होतं. मध्यप्रदेशात एरण नावाचं गाव आहे. तिथल्या दगडी खांबावर बुधगुप्त राजाच्या वेळचा लेख कोरलेला आहे. त्यावर वर्ष १६५, आषाढ शुद्ध द्वादशी आणि सुरगुरूचा म्हणजे गुरुवारचा दिवस, एवढं दिलेलं आहे. पण ही १६५ वर्षं मोजायची कुठून? गुप्त राजांचा संवत केव्हा सुरू झाला याबद्दल एकमत नव्हतं. कोणी एक साल धरी, कोणी दुसरं; त्यात शंभर-दीडशे वर्षांचा सुद्धा फरक पडे. म्हणजे राजा कोणत्या शतकातला, हेच ठरेना.

फ्लीट नावाच्या इंग्रज संशोधकानं दीक्षितांची मदत घेतली. संवत इसवी सन ३१९ च्या सुमारास सुरू झाला असं धरून दीक्षितांनी गणित मांडलं. उत्तर आलं २१ जून ४८४, आणि वार आला गुरुवार! दगडावरचा वार आणि कागदावरचा वार जुळले. फ्लीटचा हा ग्रंथ १८८८ साली छापला गेला.

वारालाच एवढं महत्त्व का? तर महिने, वर्षं, संवत सगळ्यांचे वेगवेगळे, पण सात वारांची साखळी एकच. इंग्लंडात १७५२ साली कॅलेंडर बदललं तेव्हा २ सप्टेंबरच्या दुसऱ्या दिवशी एकदम १४ सप्टेंबर आली. मधल्या ११ तारखा गेल्या, तरी बुधवारानंतर गुरुवारच आला. मात्र एक खुबी ध्यानात ठेवा. आपल्या पंचांगाचा वार सूर्योदयाला बदलतो, हिजरी दिवस सूर्यास्ताला आणि इंग्रजी तारीख मध्यरात्री. जुने कागद वाचताना इथंच भलेभले फसतात.

दीक्षितांनी भारतीय ज्योतिषशास्त्राचा मोठा इतिहास मराठीतच लिहिला. तो १८९६ साली निघाला. त्याच साली सेवेल या इंग्रजाबरोबर केलेला भारतीय कालगणनेवरचा इंग्रजी ग्रंथही आला. पुढं दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, दीक्षित वारले. वय पुरतं पंचेचाळीसही नव्हतं.

आता खर्ड्याचा वार काढू. ११ मार्च १९९५ ला शनिवार होता. तिथून बरोबर २०० वर्षं मागं जायचं. साध्या वर्षात ३६५ दिवस, म्हणजे ५२ आठवडे आणि वर एक दिवस. म्हणून दर वर्षी वार एकानं सरकतो. हे झाले २००. मध्ये २९ फेब्रुवारी आल्या ४८, कारण १८०० आणि १९०० ही लीप वर्षं नव्हती. (इथं पुष्कळ जण ५० धरतात आणि चुकतात!) बेरीज २४८. सातनं भागा, बाकी ३. आता शनिवारपासून तीन वार मागं मोजा: शुक्रवार, गुरुवार, बुधवार.

विचारणाऱ्या मुलीला कळवलं आहे. खर्ड्याची लढाई बुधवारी झाली.