लाकूडविक्या मुलगा महापौर झाला

परक्या देशात गेलेल्या माणसाच्या नावाची थट्टा होणे, ही काही नवी गोष्ट नव्हे. पण अशी थट्टा झालेला माणूस त्याच शहराचा महापौर व्हावा, हे क्वचितच घडते. शिकागोचे अँटन चेरमाक यांची ही कहाणी वाचकांपुढे ठेवावी असे आम्हांला वाटले.

चेरमाक यांचा जन्म ९ मे १८७३ रोजी बोहेमियातील क्लाद्नो येथे झाला. पुढच्याच वर्षी आईवडील त्यांना घेऊन अमेरिकेस गेले. इलिनॉय राज्यातील ब्रेडवुड येथे वडील कोळशाच्या खाणीत राबत. घरच्या गरिबीमुळे अँटन यांची शाळा लवकर सुटली व तेही खाणीत कामाला लागले. नंतर शिकागोत येऊन त्यांनी घोडागाडीतून जळाऊ लाकूड विकण्याचा धंदा काढला. धंदा वाढला, मग जमीनजुमल्याचे व्यवहारही आले.

१९०२ साली ते राज्याच्या विधिमंडळात निवडून गेले, १९०९ मध्ये नगरसेवक झाले आणि १९२२ मध्ये कुक परगण्याच्या मंडळाचे अध्यक्ष. राजकारणात राहून मिळवलेल्या पैशाबद्दल त्यांच्यावर टीका झाली. ते धुतल्या तांदळासारखे होते, असे आम्ही म्हणणार नाही.

१९३१ च्या निवडणुकीत प्रतिस्पर्धी विल्यम थॉम्पसन यांनी त्यांच्या परक्या नावाची व जुन्या गाडीची जाहीर टिंगल केली. चेरमाक यांनी आपले मूळ लपवले नाही. उलट पोलिश, चेक, ज्यू, जर्मन अशा अनेक समाजांना त्यांनी एका पक्षात बांधले. टिंगल अंगाशी आली आणि चेरमाक सुमारे १ लाख ९४ हजार मतांनी विजयी झाले.

परंतु हाती आलेली तिजोरी रिकामी होती. मंदीमुळे कर वसूल होईना आणि शाळांतील शिक्षकांना महिनोन्‌महिने पगार मिळेना. शिक्षकाच्या घरी पगार न आल्यास काय होते, ते आम्हां शिक्षकांना समजावून सांगावे लागत नाही. केंद्राच्या मदतीवाचून मार्ग नव्हता. पण १९३२ साली पक्षाच्या अधिवेशनात चेरमाक यांनी रूझवेल्ट यांच्याऐवजी अल स्मिथ यांची बाजू घेतली होती. मानापमान बाजूस ठेवून ते नवनिर्वाचित रूझवेल्टना भेटण्यास मायामीला गेले. शिक्षकांच्या पगाराचा प्रश्न हाही त्या भेटीमागचा एक हेतू होता, असे सांगतात.

१५ फेब्रुवारी १९३३ च्या रात्री तेथील बेफ्रंट उद्यानात जुझेप्पे झांगारा याने रूझवेल्टवर गोळ्या झाडल्या. रूझवेल्ट वाचले, एक गोळी चेरमाक यांना लागली. ६ मार्च रोजी त्यांचे निधन झाले.

शिक्षकांचे थकलेले पगार १९३४ साली केंद्राच्या कर्जातून चुकते झाले. ते पाहण्यास चेरमाक नव्हते. मात्र ज्या नावाची थट्टा झाली, ते नाव शिकागोने आपल्या एका मोठ्या रस्त्यास दिले आणि ते आजही तेथे आहे. वर्गात एखाद्या मुलाच्या नावाला इतर मुले हसली, तर आम्ही त्यांना हीच गोष्ट सांगू.