मेहेरबाई टाटांचा वारसा आणि बालकांचा कर्करोग

ओझरच्या एखाद्या घरात मूल महिनाभर तापाने फणफणत राहिले, पांढरेफटक पडले, अंगावर काळेनिळे डाग उठू लागले आणि अखेर तपासणीत रक्ताच्या कर्करोगाचे निदान झाले, तर त्या घरात पहिला विचार होतो तो टाटाचा. आग्रा रस्त्याने सुमारे दोनशे किलोमीटर दूर असलेल्या परळच्या त्या रुग्णालयाला सारा महाराष्ट्र नुसत्या टाटा या नावाने ओळखतो. त्याच्या मुळाशी एका स्त्रीचे आयुष्य आहे, आणि रक्ताच्या कर्करोगानेच ओढवलेला तिचा मृत्यू आहे. लेडी मेहेरबाई टाटा यांच्या चरित्राकडे आज पुन्हा वळावयाचे ते केवळ पुण्यस्मरणासाठी नव्हे. खासगी दानाने एखादे लोकोपयोगी कार्य कोठवर नेता येते आणि कोठून पुढे त्याचा भार शासनानेच उचलला पाहिजे, हा सार्वजनिक अर्थकारणातील जुना प्रश्न त्या चरित्रात पावलोपावली भेटतो.

मेहेरबाईंचा जन्म १० ऑक्टोबर १८७९ रोजी मुंबईत झाला. त्यांचे वडील होर्मसजी भाभा हे विलायतेत शिकून आलेले विद्वान गृहस्थ. म्हैसूर संस्थानाच्या शिक्षण खात्यात ते फार वरच्या पदावर होते. त्यामुळे मेहेरबाईंचे बालपण बंगळूर व म्हैसूर येथे गेले. मुलींना अक्षरओळख झाली तरी पुष्कळ झाले, असे मानण्याच्या त्या काळात या मुलीला उत्तम इंग्रजी शिक्षण मिळाले, पियानोवादन शिकावयास मिळाले आणि महाविद्यालयाचे ग्रंथालय व प्रयोगशाळाही तिच्यासाठी उघड्या राहिल्या. जमशेटजी टाटा म्हैसूरकडे जात तेव्हा भाभा कुटुंबाशी त्यांचा परिचय झाला आणि आपले ज्येष्ठ चिरंजीव दोराबजी यांच्यासाठी त्यांनी ही मुलगी मनात धरली. १४ फेब्रुवारी १८९८ रोजी विवाह झाला. वर अडतीस वर्षांचे, वधू अठरा वर्षांची. वयातील हे अंतर मोठे असले तरी पुढील तेहतीस वर्षांचा त्यांचा संसार परस्परांविषयीच्या गाढ आदराचा ठरला. त्यांना अपत्य झाले नाही.

श्रीमंत घरच्या सुनेने दागदागिन्यांत रमावे, ही लोकांची अपेक्षा. दागिन्यांची वाण मेहेरबाईंना मुळीच नव्हती. १९०० साली दोराबजींनी त्यांच्यासाठी ज्युबिली नावाचा प्रसिद्ध हिरा घेतला. त्याचे वजन २४५ कॅरटहून अधिक, म्हणजे कोहिनूरच्या दुपटीपेक्षा जास्त. परंतु मेहेरबाईंचे मन रमले ते टेनिसच्या मैदानावर आणि सभेच्या व्यासपीठावर. पारशी पद्धतीची साडी नेसून त्या टेनिस खेळत आणि स्पर्धा जिंकून परत येत.

हिरा तारण, उद्योगाला संरक्षण

पहिल्या महायुद्धानंतर जमशेदपूरचा पोलाद कारखाना संकटात सापडला. विस्ताराचा खर्च वाढलेला, पोलादाचे भाव कोसळलेले आणि परदेशी माल स्वस्तात येऊन पडू लागलेला. १९२४ साली कामगारांच्या पगाराचीही भ्रांत पडली. तेव्हा दोराबजींनी आपली सुमारे एक कोटी रुपयांची सर्व वैयक्तिक मालमत्ता इंपीरियल बँकेकडे तारण ठेवली. मेहेरबाईंचा तो हिराही त्यात गेला. या त्यागाची कथा वारंवार सांगितली जाते आणि ती सांगण्यासारखीच आहे. मात्र तिचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. त्याच १९२४ साली सरकारने कायदा करून पोलाद उद्योगाला संरक्षक जकातीचे छत्र दिले. तारणावर काढलेल्या कर्जाने कारखान्याला त्या वेळेपुरता श्वास मिळाला. तो पुढे पायावर उभा राहिला यात राज्याच्या धोरणाचा वाटा मोठा होता. खासगी धैर्य आणि शासकीय धोरण यांची सांगड पडली म्हणून भारतीय पोलाद वाचले.

समाजकार्यात तर मेहेरबाईंनी हे सूत्र आपणहून स्वीकारले होते. मुंबई इलाख्यातील स्त्रियांची परिषद आणि पुढे राष्ट्रीय महिला परिषद यांच्या उभारणीत त्यांचा पुढाकार होता. मुलींचे शिक्षण, पडदापद्धतीचे उच्चाटन, अस्पृश्यतानिवारण हे त्यांच्या आस्थेचे विषय होते. त्यांत बालविवाहाचा प्रश्न त्यांना विशेष जाचत असे. कोवळ्या वयाच्या मुलींची दुर्दशा उपदेशाने आणि आश्रम काढून थांबणार नाही, त्यासाठी कायदाच हवा, या मताच्या त्या होत्या. नोव्हेंबर १९२७ मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्यात बॅटल क्रीक येथे भाषण करून त्यांनी बालविवाह रोखू पाहणाऱ्या विधेयकाची बाजू मांडली. १९२९ साली शारदा कायदा संमत झाला. मुलींसाठी चौदा व मुलांसाठी अठरा ही विवाहाची किमान वये त्याने ठरविली. हवे तितके द्रव्य हाताशी असलेल्या या स्त्रीने मुलांच्या रक्षणाचा प्रश्न दानधर्मावर सोडला नाही, तो कायदेमंडळाच्या दारात नेला, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

एक मृत्यू आणि त्यानंतर

पुढे त्यांना रक्ताच्या कर्करोगाने गाठले. उपचारासाठी विलायतेतील उत्तमोत्तम डॉक्टर उपलब्ध होते, पैशाला तोटा नव्हता. परंतु त्या काळी या रोगावर कोणापाशीच औषध नव्हते. १८ जून १९३१ रोजी उत्तर वेल्समधील रुथिन येथे मेहेरबाईंचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय अवघे एक्कावन वर्षांचे होते. संपत्ती माणसाला जगातील कोणत्याही रुग्णालयात नेऊ शकते. जे ज्ञानच अस्तित्वात नाही, ते मात्र तिला विकत घेता येत नाही. दोराबजींना या सत्याचा साक्षात प्रत्यय आला, आणि त्यांनी आपला पैसा त्या ज्ञानाच्या शोधासाठीच मोकळा केला. १९३२ साली पत्नीच्या नावे रक्ताच्या कर्करोगाच्या संशोधनासाठी त्यांनी लेडी टाटा स्मारक निधी स्थापिला. आपली जवळजवळ सर्व संपत्ती दुसऱ्या एका विश्वस्त निधीकडे सोपविली. त्यानंतर थोड्याच अवधीत, ३ जून १९३२ रोजी, जर्मनीत त्यांचाही अंत झाला. इंग्लंडमधील ब्रुकवुडच्या स्मशानभूमीत पतिपत्नी शेजारी शेजारी विसावली आहेत.

ज्युबिली हिरा पुढे विकला गेला व त्याची किंमत दोराबजींच्या निधीत जमा झाली. त्या निधीच्या द्रव्यातून परळला टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी त्याचे उद्घाटन झाले. आरंभी खाटा ऐंशी आणि वर्षाचा खर्च पाच लाख रुपये. रुग्णांचा ओघ वाढला, यंत्रे महाग झाली, संशोधनाचा व्याप पसरला, तसा हा भार कोणत्याही एका विश्वस्त निधीला पेलण्यापलीकडे गेला. १९५७ साली केंद्र सरकारच्या आरोग्य मंत्रालयाने रुग्णालय हाती घेतले. १९६२ साली ते अणुऊर्जा खात्याकडे सोपविण्यात आले. त्या खात्याची धुरा वाहणारे होमी भाभा हे मेहेरबाईंच्या बंधूंचे चिरंजीव. आत्याच्या स्मृतीतून उगवलेले रोप अशा रीतीने भाच्याच्या दूरदृष्टीमुळे राज्याच्या अर्थसंकल्पात रुजले. दात्याने आरंभ करावा आणि शासनाने तो सातत्याने चालवावा, याचे याहून चांगले उदाहरण आपल्या देशात क्वचित सापडेल.

मुलांच्या वाट्याला काय आले?

मेहेरबाईंना ज्या रोगाने नेले त्याच्या अनेक प्रकारांपैकी एक प्रकार लहान मुलांत सर्वाधिक आढळतो. बालकांच्या कर्करोगांत रक्ताच्या कर्करोगाचा क्रमांक पहिला लागतो. त्यांच्या मृत्यूनंतर सोळा-सतरा वर्षांनी बोस्टन येथे सिडनी फार्बर यांनी या रोगाने ग्रासलेल्या मुलांना नवे औषध दिले आणि काही काळापुरता का होईना, रोग हटलेला वैद्यकाने प्रथमच पाहिला. ते औषध ज्यांच्या प्रयोगशाळेने पुरविले, ते येल्लाप्रगडा सुब्बाराव हे भारतीय होते. त्यानंतर एकामागून एक औषधे आली. ती कोणत्या क्रमाने व किती काळ द्यावी याचे शास्त्र तयार झाले. परळच्या रुग्णालयानेही १९८०च्या दशकात आपल्याकडील मुलांना झेपेल अशी उपचारपद्धती राबवून या कार्यात भर घातली. आज श्रीमंत देशांत कर्करोग झालेल्या शंभर मुलांपैकी ऐंशीहून अधिक मुले बरी होतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने जगात दर वर्षी सुमारे चार लाख मुलांना व किशोरांना हा रोग होतो, आणि गरीब व मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत त्यांतील तीस टक्केही वाचत नाहीत. १९३१ साली ज्ञान नव्हते म्हणून माणूस गेला. आज ज्ञान आहे, औषध आहे, तरीही मूल जाते. याला दैव म्हणता येणार नाही.

मग अडते कोठे? कर्करोगाविरुद्धची आपली सरकारी मोहीम मुख्यतः प्रौढांचा विचार करून आखलेली आहे, आणि ते एका अर्थी स्वाभाविकही आहे. तंबाखू सोडा, वेळीच तपासणी करून घ्या, हा तिचा आशय. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांची मुख, स्तन व गर्भाशयमुख यांच्या कर्करोगासाठी चाचणी करावयाची, ही तिची पद्धत. परंतु बालकांचा कर्करोग व्यसनाने जडत नाही आणि सरसकट चाचण्यांनी तो आधी पकडताही येत नाही. तेथे लवकर शंका येणे, अचूक निदान होणे आणि दोन-तीन वर्षे चालणारा उपचार अखंड पार पडणे, एवढेच मार्ग मोकळे असतात. प्रौढांच्या मोहिमेवर कितीही खर्च केला तरी त्याचा लाभ मुलांपर्यंत आपोआप झिरपत नाही. मुलांच्या आरोग्य तपासणीसाठी २०१३ साली राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. त्याच्या मूळ यादीतील तीस विकारांत कर्करोगाला स्थान नव्हते. एका कार्यक्रमात रोग आहे पण मूल नाही, दुसऱ्यात मूल आहे पण रोग नाही, अशी ही कोंडी आहे.

खर्चाच्या बाजूनेही असाच अपुरेपणा दिसतो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेने उपचाराच्या बिलाचा मोठा भार हलका केला आहे, आणि २०२३ साली तिची मर्यादा कुटुंबामागे पाच लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय झाला, हे श्रेय शासनाला दिलेच पाहिजे. पण कुटुंब मोडते ते बिलाबाहेरच्या खर्चाने. ओझरच्या विमान कारखान्यातील कायम कामगाराला भरपगारी रजा असते, वैद्यकीय सोयीचा आधार असतो. त्याच गावच्या शिवारात द्राक्षबागेत रोजाने राबणाऱ्या मजुराचे तसे नाही. मुलाला घेऊन तो मुंबईत राहिला की त्या दिवसापासून मजुरी बंद होते. खोलीचे भाडे, दोन वेळचे जेवण, पुन्हा पुन्हा होणारा प्रवास आणि गावी राहिलेल्या भावंडांचा सांभाळ यांची पुरेशी तरतूद योजनांत नाही. मुलाला जरा बरे वाटू लागताच आईबाप गावी परततात आणि उपचार अर्ध्यावर तुटतो. असा तुटलेला उपचार मुलाच्या जिवावर बेततोच. त्यावर तोवर झालेला सरकारी खर्चही वाया जातो.

रुग्णांची संख्या थोडी, मग एवढा खर्च कशाला, असा आक्षेप घेतला जातो. अर्थशास्त्राच्या कसोटीवर तो टिकत नाही. साठीच्या माणसाचे आयुष्य वाढविणे हे कर्तव्यच आहे. पण सहा वर्षांचे मूल पूर्ण बरे झाले तर समाजाला पन्नास-साठ वर्षांचे कर्ते आयुष्य परत मिळते. जगभरच्या तज्ज्ञांच्या एका आयोगाने २०२० साली मांडलेल्या हिशेबानुसार बालकर्करोगावर योग्य रीतीने खर्चिलेल्या प्रत्येक डॉलरमागे तीन डॉलर समाजाला परत मिळतात. आरोग्यावरील सरकारी खर्च २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने ठरविले होते. ते उद्दिष्ट गाठले गेले नाही. जेव्हा पैसा अपुरा असतो तेव्हा तो कोठे अधिक फळेल हे आधी पाहावयाचे असते, आणि त्या यादीत बालकर्करोगाचा क्रमांक बराच वर लागेल.

करावयाच्या गोष्टी आवाक्याबाहेरच्या नाहीत. बालकर्करोगासाठी केंद्राच्या व राज्याच्या अर्थसंकल्पांत स्वतंत्र लेखाशीर्ष हवे, म्हणजे किती दिले आणि किती खर्चले हे विधिमंडळाला विचारता येईल. शाळा-अंगणवाड्यांच्या तपासणीत या रोगाची धोक्याची लक्षणे समाविष्ट व्हावीत. मुंबईत १९६३ साली व बार्शीच्या ग्रामीण भागात १९८७ साली सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीच्या धर्तीवर प्रत्येक बालरुग्णाची नोंद व्हावी. उपचार सुटलेल्या मुलाचा घरापर्यंत जाऊन शोध घेतला जावा. जिल्हा रुग्णालयांत कर्करोगाची दिवसभराच्या उपचारांची केंद्रे काढण्याची घोषणा २०२५-२६च्या केंद्रीय अर्थसंकल्पात झाली आहे. त्यांत मुलांसाठी शिकविलेल्या परिचारिका व औषधे असावीत, म्हणजे परळला आखलेला उपचार नाशिकला पुढे चालू ठेवता येईल. आणि उपचार चालू असेपर्यंत रोजंदारीवरील पालकाला निर्वाहभत्ता द्यावा.

शासनाने मनावर घेतले तर काय घडते, हे ओझरला निराळे सांगावयास नको. १९६४ साली देशाला लढाऊ विमानांची निकड भासली, तेव्हा या गावाच्या माळावर मिग विमानांचा कारखाना उभा राहिला. त्यासाठी कोणा दात्याच्या हिऱ्याची वाट पाहण्यात आली नाही. मुलांच्या प्राणांसाठी ती वाट का पाहावी? मेहेरबाईंच्या मागे राहिलेल्या धनाने कर्करोगाशी झुंज आरंभिली. मुलांचे रक्षण ही राज्याची जबाबदारी आहे, हा त्यांच्या जीवनाचा धडा मात्र अर्धाच गिरविला गेला आहे. तो पुरा करावयाचा तर वेळ लावून चालणार नाही, कारण रोगग्रस्त मुलाजवळ पुढच्या पंचवार्षिक निवडणुकीपर्यंत थांबण्याइतका अवधी नसतो.