नारायण वामन टिळक
रेव्हरंड नारायण वामन टिळक (६ डिसेंबर १८६१ – ९ मे १९१९) हे मराठी कवी व ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यामुळे पत्नी लक्ष्मीबाईंशी काही वर्षे ताटातूट झाली. १९०७ मध्ये जळगावच्या कविसंमेलनात 'बालकवी' म्हणून गौरवलेल्या धरणगावच्या त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांना टिळकांनी पुढे अहमदनगरला आपल्या घरी आश्रय दिला. १९१७ मध्ये मिशनचे वेतन सोडून, चरितार्थाचा भार ईश्वरावर टाकून त्यांनी साताऱ्यास 'देवाचा दरबार' स्थापन केला. वेतन सुटले, कष्ट सुटले नाहीत. कीर्तन, अभंगरचना व 'ज्ञानोदया'तील लेखन चालूच होते. अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' त्यांच्यामागे लक्ष्मीबाईंनी पुढे नेले.