सुईदोऱ्यातून स्वावलंबनाकडे : रमाबाई रानडे यांचे जीवनकार्य

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा इतिहास सांगताना पाटी-पेन्सिलीचा उल्लेख आवर्जून केला जातो. सुईदोऱ्याचा उल्लेख मात्र क्वचितच होतो. वस्तुतः अनेक विधवा व निराधार भगिनींना स्वतःच्या पायांवर उभे करण्यात सुईने पाटीच्या बरोबरीने वाटा उचललेला आहे. ज्यांनी हे सामर्थ्य ओळखून त्याला संस्थेचे रूप दिले, त्यांत रमाबाई रानडे यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल. एप्रिल १९२४ मध्ये त्यांचे पुण्यात निधन झाले. त्या घटनेला आता शंभर वर्षे उलटून गेली असली तरी घरी बसून शिवणकाम करणाऱ्या स्त्रीच्या कष्टांना मोल मिळावे, हा त्यांनी हाती घेतलेला प्रश्न अद्याप जुना झालेला नाही.

देवराष्ट्रे ते पुणे

रमाबाईंचा जन्म १८६२ साली आजच्या सांगली जिल्ह्यातील देवराष्ट्रे या गावी, कुर्लेकर घराण्यात झाला. माहेरचे नाव यमुना. त्या काळी मुलीला अक्षरओळख करून देणे म्हणजे अशुभाला आमंत्रण, अशी समजूत होती. त्यामुळे वयाच्या अकराव्या वर्षी, १८७३ साली, न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी विवाह झाला तेव्हा त्या निरक्षर होत्या. रानडे त्या वेळी एकतीस वर्षांचे विधुर होते. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या या सुधारकाने विधवेशीच विवाह करावा, अशी त्यांच्या स्नेह्यांची अपेक्षा होती. परंतु वडिलांच्या आग्रहापुढे त्यांना नमावे लागले. या गोष्टीची सल त्यांच्या मनात राहिली. पत्नीला शिकवायचे, हा निश्चय मात्र त्यांनी तडीस नेला. रात्रीच्या वेळी ते स्वतः तिला मराठी, इतिहास, भूगोल, गणित आणि पुढे इंग्रजी शिकवीत.

हे शिक्षण घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांना रुचले नाही. सुनेने पुस्तक हाती धरावे, हाच मुळी त्यांच्या लेखी अपराध होता. इंग्रजी शिकविण्यासाठी मिशनमधील बाई घरी येऊ लागल्या, तेव्हा त्यांचा स्पर्श झाला म्हणून धडा संपताच रमाबाईंना स्नान करावे लागे. टोमणे, अबोला आणि उपहास हा रोजचाच भाग झाला. रमाबाईंनी उलट उत्तर केले नाही आणि अभ्यासही सोडला नाही. घरकामात कोठेही उणे पडू न देता त्यांनी ही दुहेरी कसरत वर्षानुवर्षे केली. पुढे संस्था चालविताना त्यांच्या ठायी जो संयम दिसून आला, त्याचे मूळ या काळात आहे.

१८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या व त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. रमाबाई रानडे या समाजाच्या सभांना नियमितपणे जाऊ लागल्या. दोन्ही रमाबाईंचे मार्ग पुढे वेगळे झाले. पंडिता रमाबाईंनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला, १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि नंतर केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळपीडित मुलींना शिवण, विणकाम, छपाई असे अनेक व्यवसाय शिकविले. रमाबाई रानडे आपल्या घराण्याच्या चालीरीती सांभाळून काम करीत राहिल्या. मात्र स्त्रीच्या हाताला काम मिळाल्याशिवाय तिच्या शब्दाला घरात वजन येत नाही, या निष्कर्षावर दोघीही येऊन पोहोचल्या.

सुईविषयीचा वाद

त्या काळी घरोघरी सुईदोरा होताच. जीर्ण लुगड्यांचे थर एकावर एक अंथरून धावदोऱ्याने गोधडी शिवणे, खणाची चोळी हाताने शिवणे, फाटलेल्या धोतराला ठिगळ लावणे, बाळंतिणीच्या मुलासाठी कुंची व दुपटे करणे ही सारी कामे बायकाच करीत. परंतु या कामांना दाम नव्हता. पैसे घेऊन कपडे शिवणे हा शिंपी समाजाचा धंदा समजला जाई. पांढरपेशा घरातील स्त्रीने शिलाई घेऊन दुसऱ्याचे कपडे शिवणे कमीपणाचे मानले जात असे.

दुसरीकडे हीच सुई मुलींच्या शिक्षणाच्या आड येत होती. १८८४ साली पुण्यात मुलींचे हायस्कूल निघाले. पुढे ते हुजूरपागा या नावाने प्रसिद्धीस आले. अशा शाळेची निकड मांडणारे इंग्रजी निवेदन रमाबाईंनी मुंबईच्या गव्हर्नरांपुढे जाहीर सभेत वाचून दाखविले होते. त्याबद्दल घरी त्यांना बरेच ऐकून घ्यावे लागले. शाळा सुरू झाल्यावर तेथील अभ्यासक्रमावर टीकेची झोड उठली. लोकमान्य टिळकांच्या पत्रांतूनही या अभ्यासक्रमाला विरोध झाला. मुलींना इंग्रजी व उच्च गणित कशाला हवे, मातृभाषा, नीतिपाठ आणि शिवणकाम एवढे त्यांना पुरेसे आहे, असा विरोधकांचा सूर होता.

अशा परिस्थितीत एखाद्या सुधारक स्त्रीने सुईकडे पाठ फिरविली असती, तर ते समजण्यासारखे होते. रमाबाईंनी तसे केले नाही. शिवणाच्या वर्गाला जाते म्हटल्यावर घरातील सासू परवानगी देईल, शाळेत जाते म्हटल्यावर देणार नाही, हे त्या स्वानुभवाने जाणून होत्या. शिवाय कापड बेतायचे तर माप घ्यावे लागते, माप लिहून ठेवावे लागते आणि कापडाचा हिशेब करावा लागतो. म्हणजे शिवणवर्गात आलेल्या बाईला अक्षर व अंक यांची गरज आपोआप भासू लागते. ज्या सुईने मुलींना उंबऱ्याच्या आत ठेवायचे म्हटले जात होते, त्याच सुईचा धागा धरून रमाबाईंनी त्यांना उंबऱ्याबाहेर आणले.

मुंबईतील कार्य

१८९३ साली रानडे यांची मुंबई उच्च न्यायालयात न्यायाधीशपदी नियुक्ती झाली आणि हे कुटुंब मुंबईस आले. येथे रमाबाईंनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब या मंडळाची उभारणी केली. भाषा आणि सामान्यज्ञान यांच्या जोडीला शिवण आणि हस्तकला यांचे वर्ग तेथे चालत. या वर्गांत बसणाऱ्या स्त्रिया बहुधा सुखवस्तू घरांतील होत्या व पोटासाठी शिवण्याची त्यांच्यावर वेळ आलेली नव्हती. पण चार भिंतींच्या बाहेर येऊन, परक्या घरातील स्त्रियांसोबत बसून काहीतरी शिकण्याची सवय येथे लागली.

१६ जानेवारी १९०१ रोजी न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी रमाबाईंना वैधव्य आले. त्या पुण्यास परतल्या आणि सुमारे वर्षभर त्यांनी स्वतःला घरात कोंडून घेतले. ज्या दुःखातून शेकडो स्त्रिया जात होत्या, ते आता त्यांच्याही वाट्याला आले होते. फरक एवढाच की त्यांच्यामागे नावलौकिक होता आणि उदरनिर्वाहाची चिंता नव्हती. इतर विधवांना दिराच्या वा भावाच्या घरी राबून दोन घास खावे लागत.

शोकातून बाहेर आल्यावर त्यांनी येरवड्याच्या तुरुंगातील स्त्री कैद्यांना भेटण्यास सुरुवात केली. इस्पितळातील रुग्ण आणि सुधारगृहातील मुले यांनाही त्या भेटू लागल्या. १९०४ साली मुंबईत भरलेल्या भारत महिला परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले. १९१० मध्ये 'आमच्या आयुष्यांतील काही आठवणी' हे त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांची त्याला प्रस्तावना आहे. मराठीतील आरंभीच्या स्त्री-आत्मचरित्रांत त्याची गणना होते.

सेवासदन

१९०८ साली बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी मुंबईत सेवासदनाची स्थापना केली व रमाबाईंना अध्यक्षपद स्वीकारण्याची विनंती केली. पुढच्याच वर्षी गोपाळ कृष्ण देवधर यांच्या साहाय्याने पुण्यात सेवासदनाचे कार्य सुरू झाले. त्यासाठी रमाबाईंनी आपल्याच वाड्यात जागा करून दिली.

पुणे सेवासदनाची रचना गरजेतून होत गेली. घरकाम आटोपून दुपारी येऊ शकणाऱ्या प्रौढ स्त्रियांसाठी प्राथमिक वर्ग निघाले. शिवण, भरतकाम आणि विणकाम यांसाठी उद्योगशाखा झाली. पुढे शिक्षिकांसाठी अध्यापन वर्ग, परिचारिकांचे प्रशिक्षण आणि विद्यार्थिनींची वसतिगृहे यांची भर पडली. ज्या जातींत रुग्णाला शिवणे अमंगल मानले जाई, त्या जातींतील विधवा ससून रुग्णालयात परिचारिका म्हणून शिकू लागल्या. शिवणवर्गातून अक्षरवर्गाकडे आणि तेथून शिक्षिकेच्या किंवा परिचारिकेच्या नोकरीकडे जाण्याचा मार्ग एकाच संस्थेत उपलब्ध झाला.

सगळ्याच स्त्रिया इतक्या दूरवर जाऊ शकल्या नाहीत. काहींना लहान मुले होती, काहींना घरच्यांनी मध्येच परत बोलावले. अशांच्या हाती निदान शिवणाची विद्या राहिली. रमाबाईंच्या निधनसमयी पुणे सेवासदनात शिकणाऱ्या स्त्रियांची संख्या हजाराच्या वर गेलेली होती. मुलींनाही सक्तीचे प्राथमिक शिक्षण मिळावे यासाठी पुण्यात झालेल्या चळवळीचे आणि स्त्रियांच्या मताधिकाराच्या मागणीचे नेतृत्वही त्यांनी उतारवयात केले. महात्मा गांधींनी त्यांच्या निधनाने राष्ट्राची हानी झाल्याचे नमूद केले होते. त्याच वर्षी यंत्रांविषयीच्या एका संवादात गांधीजींनी सिंगरच्या शिवणयंत्राला आपल्या टीकेतून वगळले होते, हाही एक लक्षणीय योगायोग म्हणावा लागेल. भारतीय टपाल खात्याने १९६२ साली रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

कष्ट आणि मोबदला

रमाबाई मुंबईत राहत होत्या तेव्हा कांजूर हे मिठागरे, शेते आणि गावठाण असलेले गाव होते. तेथे रेल्वे स्थानकही नव्हते. आज कांजूरमार्गच्या चाळींतून आणि इमारतींतून दुपारच्या वेळी चालत गेल्यास कोठे ना कोठे शिवणयंत्राची खडखड कानी पडते. साडीला फॉल लावणे, पिको, परकर, ब्लाउज, झबली-टोपडी, जुन्या साड्यांच्या गोधड्या या कामांवर अनेक घरांतील मुलांची फी भरली जाते.

या कामात चढउतार पुष्कळ आहेत. लग्नसराईत व सणासुदीला रात्ररात्र जागून काम उरकत नाही. पावसाळ्यात यंत्रावर कापड झाकून बसावे लागते. कंत्राटदाराकडून नगावर काम घेणाऱ्या स्त्रीला यंत्र, दोरा, वीज आणि दुरुस्ती यांचा खर्च स्वतःच सोसावा लागतो. एखादा नग नापसंत ठरला की मजुरी कापली जाते. तयार कपडे स्वस्त झाल्याने गल्लीतील गिऱ्हाईक कमी झाले आहे. आणि इतके करूनही घरची माणसे त्याला फावल्या वेळचा उद्योग म्हणतात. मान खाली घालून आठ-दहा तास शिवणाऱ्या बाईची पाठ आणि डोळे यांचा हिशेब कोणी ठेवीत नाही. घरी राहून काम करणाऱ्यांना इतर कामगारांच्या बरोबरीने वागविले जावे, असा करार आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९९६ साली केला, यावरून हा प्रश्न जगभर किती पसरलेला आहे हे ध्यानात येते.

येथे रमाबाईंच्या कार्याकडे पुन्हा पाहणे उपयुक्त ठरेल. एकेकटीने शिवणाऱ्या स्त्रीला दर ठरविता येत नाही; दहाजणी एकत्र आल्या की कापड घाऊक भावात घेता येते, मालाची पारख होते आणि दराविषयी बोलता येते. म्हणून त्यांनी स्त्रियांना एका छताखाली आणले. नुसते शिवण शिकविले तर बाई आयुष्यभर दुसऱ्याने बेतलेले शिवीत राहील, म्हणून त्यांनी शिवणाला अक्षर आणि अंक यांची जोड दिली. शिवणापलीकडे जाण्याची वाटही त्यांनी खुली ठेवली.

प्रेषितांची कृत्ये या ग्रंथात यापो नगरातील टबीथेची कथा आपण वाचतो. ती मरण पावली तेव्हा विधवा रडत उभ्या राहिल्या आणि तिने शिवलेली वस्त्रे त्यांनी पेत्राला दाखविली. एखाद्या स्त्रीच्या हयातीची साक्ष तिने शिवलेल्या वस्त्रांनी द्यावी, हा मान थोडा नव्हे. आपल्या धर्मग्रामांतील महिला मंडळांनी शिवणवर्ग चालविताना प्रमाणपत्रापाशी न थांबता, त्या भगिनीला योग्य दर मिळतो का, तिचा हिशेब तिला स्वतः मांडता येतो का, आणि तिच्या मुलीपुढे आणखी कोणती वाट आहे, हे तीन प्रश्न विचारले पाहिजेत. रमाबाई रानडे यांच्या स्मृतीला तेच खरे अभिवादन ठरेल.